‘मांजऱ्या’ खडक आणि मांजरा नदी: संबंध आहे का?

प्रश्न : आमच्याकडे बीड जिल्ह्यात विहीर खोदताना गडी म्हणतात, "मांजऱ्या लागला." मांजरा नदी आमचीच, पाटोद्याकडं बालाघाटात उगम पावते. खडकाचं नाव तिच्यावरून पडलं असेल का? लेखात लिहिताना दुसरा शब्द वापरावा का?

उत्तर : ताई, नदीवरून पडलं असं मला वाटत नाही. नाशिक-पुण्याकडचे विहीरवालेही मांजऱ्याच म्हणतात, तिथं ही नदी कुठं? माझा कल ठिपक्यांकडं आहे, मांजराच्या अंगावर असतात तसल्या. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे वर येतात, थराचा माथा भोकाभोकांचा होतो. मागाहून त्या भोकांत झिरपत्या पाण्यातलं पांढरं खनिज भरतं. ताजा तुकडा हातात घ्या, जांभळट दगडात हरभऱ्याएवढे पांढरे दाणे दिसतील. त्याच थराचा खालचा भाग सावकाश निवतो म्हणून घट्ट असतो, तो पाषाण. घण मारला की ठणकतो. पाषाणाखाली कधी विटेसारखा तांबडा पट्टा लागतो, त्याला गेरू म्हणतात. एक लाव्हा थांबल्यावर पुढचा येईपर्यंत खालच्या थराचा माथा कुजून माती झाली, मग नव्या लाव्ह्याखाली ती भाजली. गेरूखाली पुन्हा मांजऱ्या, म्हणजे जुन्या थराचा माथा.

लेखात ‘मांजऱ्या’च ठेवा. ‘पाषाण’ मात्र जपून, कारण पुस्तकी मराठीत तो कुठलाही दगड होतो. तिथं ‘काळा पाषाण’ किंवा सरळ ‘बेसाल्ट’ लिहा. ‘असिताश्म’ परिभाषेत आहे, पण विहिरीच्या काठावर तो शब्द मी कधी ऐकला नाही.

दुसरं उत्तर : एक भर घालतो. दख्खनच्या या लाव्ह्याच्या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातल्या ‘ट्रॅप’चं भाषांतर ‘सापळा’ केलेलं वाचलं आणि फार वाईट वाटलं. तो शब्द स्वीडिश ‘ट्राप्पा’वरून आला, अर्थ जिना. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर एकावर एक बसले आणि झिजून डोंगरांना पायऱ्या पडल्या. अजिंठ्याला वाघूर नदीनं घोड्याच्या नालेच्या आकारात कापलेल्या कड्यासमोर उभं राहिलं की हे पटतं. आपल्या ‘घाट’ शब्दातही डोंगर आणि पायऱ्या दोन्ही आहेत, म्हणून शाळेतल्या मुलांना मी ‘पायऱ्यांचा खडक’ सांगतो.

प्रश्नकर्ती : आभार दादा. आमच्या विहिरीत सहा परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) गेरू लागला होता आणि पाझर नेमका त्याच्या वरच्या सांध्यातून आला. वडील त्याला ‘तांबडी पट्टी’ म्हणायचे. हा शब्दही लेखात घेते.