फौजेतलं ९ मिमी पिस्तूल: खरंच एवढं भारी?

खानापूरकर: मामा फौजेत होते. पिस्तुलाचं कौतुक संपत नाही. तथ्य किती?

निवृत्त हवालदार, बेळगाव: मराठा लाइट इन्फंट्रीत कोत, म्हणजे हत्यारांची कोठी, सांभाळली आहे, म्हणून सांगतो. मूळ घडण ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाची, १९३५ ची. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, तरी मूठ हातात मस्त बसते बघा. पण हॅमर, म्हणजे पिस्तुलाचा मागचा घोडा, मागं येताना अंगठ्याजवळची कातडी चावतो. माझा व्रण अजून आहे. मॅगझिन काढलं की ट्रिगर चालत नाही, त्याच जोडणीमुळं तो जडही लागतो. जुन्या घडणीत सेफ्टीचा खटका तर एवढासा!

खानापूरकर: अहो, मामांनाही तिथंच व्रण आहे की! आम्हाला सांगतात, ऊस तोडताना कोयता लागला.

निवृत्त हवालदार: कोयता कसला! मूठ फार वर धरत असणार. मीही तेच करायचो.