जुन्या ओम्नीत घरी बनवलेला ट्रॅकर आणि इंजिन कट बसवतोय, रिले कुठल्या वायरमधे टाकू?

नाशिकचा_ओम्नीवाला:
मंडळी, २००७ ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) ओम्नी आहे, वडील रोज पहाटे तीच घेऊन भाजी आणायला मार्केट यार्डात जातात, गाडी रात्रभर रस्त्यावरच उभी असते. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतून एक ओम्नी रातोरात गेली, तेव्हापासून वडील रात्री दोनदोनदा उठून खिडकीतून बघतात. म्हणून ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), निओ-६एम जीपीएस, सिम८००एल (सिम टाकायचं मॉड्यूल) आणि ४० अँपिअरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) असं जमवलंय. टेबलावर एसएमएस केला की लोकेशनची लिंक येते, पण गाडीत लावलं की सिमचं मॉड्यूल मधेच रिसेट होतं. आणि विचार असा की इग्निशनच्या वायरमधे रिले टाकायचा, गाडी चोरीला गेली की एसएमएस करून इंजिन बंद. बरोबर आहे का?

वायरिंगवाला_मिरज:
भाऊ, चालत्या गाडीचं इंजिन लांबून बंद करायचं नाही, हे आधी डोक्यातून काढ. गाडी हायवेवर मधल्या लेनमधे थांबली आणि मागून ट्रक आला तर? ज्या गाड्यांना ब्रेक बूस्टर असतो त्यांचा ब्रेक इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा दाबला की दगडासारखा होतो. आणि चोर राहू दे बाजूला, रिलेचं कनेक्शन सैल झालं किंवा प्रोग्रॅम अडकला तर त्या वेळी आत तुझे वडील असतील.
असं कर. एसएमएस आला की नुसती नोंद ठेवायची, ती फ्लॅश मेमरीत, म्हणजे बोर्ड रिसेट झाला तरी पुसली जाणार नाही. चोराने चावी बंद केली की मग लॉक, पुढच्या वेळी गाडी चालूच होणार नाही. नुसता स्टार्टर कट करून भागत नाही कारण ओम्नी धक्का मारून चालू होते. म्हणून फ्युएल पंपाच्या वायरमधे टाक, रिलेच्या ३० आणि ८७ए या पिनांवर, म्हणजे रिलेला करंट नसताना पंप चालू. सर्किट मेलं तरी गाडी चालते. चोराने डबा शोधून वायर उपटली तरीही चालेल हे खरं, पण मी हाच तोटा पत्करीन. जोड नुसते पिळून टेप मारू नको, सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी).

ठाणे_सर्किट:
रिसेटचं कारण पॉवर. सिम८००एल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत खेचतं आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच लागतात, त्यात सेल्फ मारताना बॅटरी ९-१० व्होल्टवर येते. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) ४ व्होल्टला सेट कर, मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड, १२ व्होल्टच्या लाइनवर टीव्हीएस डायोड (दोन्ही व्होल्टेजचे झटके अडवायला), बॅटरीजवळच ३ अँपिअरचा फ्यूज, फ्यूज अजिबात टाळू नको, आग लागते ती तिथूनच.
दुसरं, सगळं सतत चालू ठेवलंस तर १५० मिलिअँपिअर धर, दिवसाला ३.६ अँपिअर-अवर, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दहा दिवसांत साफ आणि सेल्फ त्याच्या बराच आधी उचलायचा बंद. चावी बंद असताना जीपीएस झोपव, ईएसपी३२ डीप स्लीपला टाक. आणि हे मॉड्यूल टूजीचं आहे, जिओचं सिम टाकलंस तर नेटवर्कच मिळणार नाही. शिवाय एसएमएस कुठल्या नंबरवरून आला एवढंच बघू नको, नंबर खोटा दाखवता येतो, आत पासवर्ड ठेव.

पॉलिसी_पुणे:
चोरीविरोधी यंत्रासाठी ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर जी सूट असते ती एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने मान्य केलेल्या यंत्रालाच, घरगुतीला नाही. तरी वायरिंग बदललंय हे विमा कंपनीला लेखी कळव, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

नाशिकचा_ओम्नीवाला:
मिरजवाले दादा, वडिलांचं म्हणालात ते खरंच माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इग्निशनचा विचार सोडला, पंपाचीच वायर शोधतो. जीपीएसचा अँटेना कुठे ठेवू, सीटखाली चालेल का?

वायरिंगवाला_मिरज:
सीटखाली नको, वर पत्र्याचं छत आहे, सिग्नल मिळणार नाही. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, तोंड काचेकडे. आणि पंपाची वायर कापायच्या आधी मल्टिमीटरने खात्री कर, चावी फिरवल्यावर पहिले दोन-तीन सेकंदच १२ व्होल्ट येऊन बंद होतात ती. कापताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेव, पेट्रोलची लाइन जवळच असते.