मदत हवी आहे: दुकानातील कामावरून डिस्पेन्सिंग ऑप्टिशियनच्या रीतसर प्रशिक्षणाकडे वळावे का?

नमस्कार,

गेले चौदा महिने मी एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करते. फ्रेम दाखवणे, मागणीपत्रक भरणे, तयार चष्मा चेहऱ्यावर नीट बसवून देणे, ढिल्या दांड्यांचे स्क्रू आवळणे एवढे मला जमते. आता या कामाचे रीतसर शिक्षण घेऊन डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन व्हावे असे मनात आहे. परंतु मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून प्रकाशशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटलेला आहे, त्यामुळे निर्णय होत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण पूर्वी मी ज्यांना विचारले त्यांतील निम्म्या लोकांनी मला ऑप्टोमेट्रीचेच अभ्यासक्रम सुचवले. मला डोळे तपासायचे नाहीत. नंबर काढणे हे ऑप्टोमेट्रिस्टचे काम आणि डोळ्यांच्या आजारांवर उपचार करणे हे नेत्रतज्ज्ञांचे. नंबराची चिठ्ठी हातात आल्यापासून तो चष्मा त्या माणसाच्या नाकावर स्थिर होईपर्यंत मधे जे काही घडते, त्यात मला रस आहे.

हा रस एका चुकीतून निर्माण झाला, आणि ती चूक माझीच होती. दोन्ही डोळ्यांना उणे ६ नंबर असलेल्या एका ग्राहकाने नवा चष्मा तिसऱ्याच दिवशी परत आणला. “दिसते स्वच्छ, पण डोळे कोणीतरी बाहेर ओढत असल्यासारखे वाटते आणि दुपारपर्यंत कपाळ दुखू लागते,” अशी त्यांची तक्रार होती. लेन्सोमीटरवर (तयार काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) नंबर तपासला, तर तो चिठ्ठीबरहुकूम होता. मी त्यांना चार दिवस सवय होऊ द्या असे सांगणारच होते, तेवढ्यात आमच्या वरिष्ठांनी दोन्ही काचांच्या प्रकाशीय केंद्रांवर (जिथून प्रकाश न वळता सरळ जातो त्या बिंदूंवर) शाईचे ठिपके उमटवले आणि पट्टीने त्यांतील अंतर मोजले. ते ७० मिलिमीटर भरले. ग्राहकाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर ६२ होते. फ्रेमच्या दांडीवर आतून ५२ (एका काचेची रुंदी), मग छोटा चौकोन आणि पुढे १८ (दोन काचांमधले अंतर) असे छापलेले होते. त्या दोन आकड्यांची बेरीज मी मागणीपत्रकात बाहुल्यांच्या अंतराच्या रकान्यात लिहून टाकली होती. काच बदलून दिल्यावर तक्रार मिटली. मात्र नंबर अचूक असूनही चष्मा चुकीचा असू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

माझे प्रश्न असे. या अभ्यासक्रमात गणित किती आणि कोणत्या पातळीचे असते? नोकरी सांभाळून शिकावे की पूर्णवेळ प्रवेश घ्यावा? आणि काचा घासण्याची यंत्रे आता बहुतांशी स्वयंचलित झालेली असताना हातकामावर वेळ घालवण्यात अर्थ आहे का, की केवळ मोजमापे आणि ग्राहकाशी बोलणे शिकले तरी पुरते? या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी बरीच वर्षे या व्यवसायात आहे आणि शिकाऊ मुलामुलींना हाताखाली घेतलेले आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरे तुमच्याच चुकीत सापडतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गणिताची धास्ती घेऊ नका. तुमच्या ग्राहकाला झालेला त्रास प्रेंटिसच्या नियमाने एका ओळीत मांडता येतो: केंद्र जितके सेंटिमीटर सरकले, त्याला काचेच्या नंबराने गुणले की प्रिझमचे, म्हणजे काच प्रकाश एका बाजूला किती वळवते त्याचे, प्रमाण मिळते. दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटरचा फरक होता, म्हणजे ०.४ गुणिले ६, अर्थात प्रत्येक डोळ्यापुढे २.४ आणि एकूण ४.८ प्रिझम डायऑप्टर (हे प्रिझम मोजण्याचे एकक). उणे नंबराच्या काचेची केंद्रे बाहेरच्या बाजूला गेली की या प्रिझमचा पाया (जाड बाजू) नाकाकडे येतो आणि दोन प्रतिमा एक ठेवण्यासाठी डोळ्यांना बाहेर वळावे लागते. आत वळण्याची सवय डोळ्यांना असते, कारण वाचताना ते तेच करतात. बाहेर वळण्याची त्यांची ताकद मात्र फार थोडी. ‘डोळे ओढल्यासारखे’ हे वर्णन ग्राहकाने किती नेमके केले होते ते पाहा. आता हेच गणित उणे ०.५० च्या नंबराला लावा: एकूण ०.४ प्रिझम, म्हणजे तक्रार येणारच नाही. तेव्हा बेरीज त्या रकान्यात लिहिण्याची चूक तुमच्याकडून त्याआधीही झालेली असण्याची शक्यता आहे, फक्त ते चष्मे परत आले नाहीत. हे टोचण्यासाठी लिहीत नाही, पण प्रशिक्षण कशासाठी घ्यायचे याचे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

याखेरीज सिलिंडरच्या (एकाच दिशेत लागणाऱ्या) नंबराचे रूपांतर (उणे २.००, अधिक १.००, अक्ष ९० ही चिठ्ठी आणि उणे १.००, उणे १.००, अक्ष १८० ही चिठ्ठी एकच आहे), काचेचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वळवते ते) आणि जाडी यांचा संबंध, फ्रेमसाठी लागणाऱ्या कोऱ्या काचेचा किमान व्यास, असा अभ्यास असतो. दहावीचे बीजगणित आणि थोडी त्रिकोणमिती पक्की असेल तर वाणिज्य शाखेचा अडसर होत नाही.

हातकामाविषयी माझे मत ठाम आहे. काच यंत्र कापते, हे खरे. परंतु फ्रेम माणसालाच बसवावी लागते, आणि ते बसवणे हेही प्रकाशशास्त्रच आहे. उणे १० ची काच नाकावरून ४ मिलिमीटर पुढे घसरली, तर तिचा प्रभाव साधारण ०.४ डायऑप्टरने (नंबराच्या एककाने) कमी होतो. म्हणजे नोजपॅड नीट न वळवणारा माणूस नकळत नंबर बदलून देतो. प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये (वर दूरचा आणि खाली हळूहळू जवळचा नंबर असलेल्या) तर उंचीतले दोन मिलिमीटरही ग्राहकाला मान वर करून वाचायला लावतात. म्हणून आधी फ्रेम चेहऱ्यावर पूर्ण बसवायची, मग समोर आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील असे बसायचे आणि त्यानंतरच बाहुलीच्या मध्यावर खूण करायची. उभ्याने, वरून वाकून केलेली खूण हमखास चुकते. हे पुस्तकात चार ओळींत असते आणि हातात यायला वर्ष लागते.

त्यामुळे जिथे काम आणि अभ्यास एकत्र चालतो असा मार्ग मी सुचवेन. जर्मनीत हा व्यवसाय तीन वर्षांच्या उमेदवारीतून शिकवला जातो आणि तिथे कार्यशाळेला वर्गाइतकेच महत्त्व असते. ब्रिटनमध्ये ही उपाधी कायद्याने संरक्षित असून जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि सोळा वर्षांखालील मुलांना चष्मा देणे हे नोंदणीकृत व्यक्तीने किंवा तिच्या देखरेखीखालीच करावे लागते. अमेरिकेत काही राज्यांत परवाना लागतो, काहींत लागत नाही. तेव्हा जिथे व्यवसाय करायचा तिथला नियम पाहिल्याशिवाय कोणत्याही संस्थेत पैसे भरू नका.

संस्था निवडताना तिथे एकच प्रश्न विचारा: परत आलेले चष्मे विद्यार्थ्यांना दाखवले जातात का? यंत्रांची नावे कोणीही सांगेल.

धागाकर्तीचे उत्तर

आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘ते चष्मे परत आले नाहीत’ हे वाक्य वाचून आज दुकानात गेल्यावर सर्वांत आधी ग्राहकांना सुपूर्द करायचे सात चष्मे लेन्सोमीटरवर ठेवून ठिपके उमटवले. सहा बरोबर निघाले. सातव्यात, उणे ३ नंबराच्या चष्म्यात, केंद्रांमधील अंतर ४ मिलिमीटर जास्त होते, म्हणजे एकूण १.२ प्रिझम. मागणीपत्रक माझ्याच अक्षरातले होते, परंतु या वेळी आकडा बरोबर लिहिलेला होता. चूक काच बसवताना झालेली होती. वरिष्ठांनी तो चष्मा परत पाठवला आणि यापुढे ही तपासणी माझ्याकडेच दिली आहे. दोन संस्थांशी बोलणार आहे. परत आलेल्या चष्म्यांविषयी त्यांनी काय सांगितले ते इथेच कळवते.