सहा महिन्यांचा सीएनसी क्लास की दोन वर्षं आयटीआय?

निफाडकर_१९:
नमस्कार मंडळी. बारावी कॉमर्स झालं, ५४ टक्के. बीकॉमला जायचं मन नाही. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, ती मोठा भाऊ बघतो. दोघांचं त्यात भागणार नाही, आणि खरं सांगू का, मला बागेपेक्षा फवारणीचा पंप खोलून परत बसवायला जास्त आवडतं. नाशिकमधला एक क्लासवाला म्हणतो सहा महिन्यांत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) प्रोग्रामिंग, फी ४५ हजार, नोकरीची गॅरंटी. सर्टिफिकेट कुणाचं विचारलं तर, 'आमचंच, सगळीकडं चालतं!' मामा म्हणतो नाशिकच्या सातपूर आयटीआयला टर्नरचा ट्रेड (कोर्स) घे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवून मापात कापायचं काम. पण दोन वर्षं? तोवर माझे मित्र कमवायला लागतील.

अंबडचा_सेटर:
भावा, मी असलाच क्लास केला होता. मशीन एक, पोरं तीस. आठवड्यातून वीस मिनिटं माझ्या वाट्याला, बाकी कॉम्प्युटरवर चित्रं. इंटरव्ह्यूला साहेबांनी ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर हातात दिला, म्हणाले शाफ्टचा डाया (व्यास) मोज. जी-कोड (सीएनसीला द्यायच्या आज्ञा) तोंडपाठ, पण मायक्रोमीटर धरायचा कसा तेच येईना! ऑपरेटर म्हणून लागलो. जॉब (कापायचा तुकडा) लाव, बटण दाब, जॉब काढ. सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) व्हायला सहा वर्षं गेली. शेजारच्या मशीनवरचा आयटीआयवाला दोन वर्षांत झाला, कारण त्यानं साध्या लेथसाठी स्वतःच्या हातानं टूल घासलेलं. कट बरोबर बसला नाही की त्याला आवाजावरूनच कळतं. आणि टर्नरच्या दुसऱ्या वर्षी सीएनसी शिकवतातच. क्लास करायचाच तर नंतर कर, तेव्हा काय शिकतोय ते तरी कळेल.

निवृत्त_निदेशक:
सेटरसाहेबांशी सहमत, पण मला पंपाचं वाचून वेगळंच वाटलं. बाळा, टर्नर दिवसभर एका मशीनपुढे उभा राहून मापाशी झगडतो. उघडायचं, दोष शोधायचा, जोडायचं, हा पिंड फिटरचा किंवा डिझेल मेकॅनिकचा. फिटर दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एक. मी आयटीआयला शिकवायचो तेव्हा माझ्याकडं वर्षाला दोन-चार पोरं तरी चुकीच्या ट्रेडमध्ये येऊन दिवाळीपर्यंत गळायची. मार्क कमी म्हणून नव्हे, मामा-काकांनी ट्रेड निवडला म्हणून.
प्रवेश ऑनलाइन असतो आणि तो दहावीच्या मार्कांवर, त्यामुळे बारावीच्या ५४ ची काळजी सोड. सर्टिफिकेट केंद्र सरकारच्या डीजीटीचं, म्हणजे नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट हवं; पूर्वी त्याला एनसीव्हीटीचं म्हणायचे. ओझरला एचएएल (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, घेते तेव्हा ट्रेड बघते, क्लासचा कागद नाही. अप्रेंटिसला स्टायपेंड कायद्यानंच मिळतो, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानं. शिवाय दोन वर्षांचा ट्रेड केलास तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट उघडी राहते.

सिन्नरची_वायरमन:
एक गोष्ट कुणी बोललं नाही. निफाडहून सीबीएस (नाशिकचं मध्यवर्ती बस स्थानक), तिथून सातपूर, रोज जाऊन-येऊन. मी सिन्नरहून दोन वर्षं केलंय. पहिल्या पावसाळ्यात सोडून द्यायची पाळी आली होती. पसंतीक्रम भरताना निफाड तालुक्यातलं आयटीआय आधी बघ, हवा तो ट्रेड तिथं असेल तर नाशिकचा हट्ट कशाला? आणि क्लासवाल्याला म्हण, गॅरंटी लेखी द्या. मग त्याचा चेहरा बघ 😄

निफाडकर_१९:
लेखी मागितलं. म्हणाला, सरांना विचारून सांगतो. चार दिवस झाले, फोन उचलत नाही.
काल नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पहिली शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर दोन तास बसलो. मेंटेनन्सच्या एका दादाला विचारलं, तुम्ही दिवसभर करता काय? म्हणाला, 'जे बंद पडलंय ते चालू करतो.' घरी येऊन दहावीचं मार्कशीट काढलं, ६८ टक्के आहेत. फिटर पहिला, डिझेल मेकॅनिक दुसरा टाकतोय. मामाला अजून सांगितलं नाही.