कर्ब-६५ मध्ये (न्यूमोनिया किती गंभीर ते ठरवणारा स्कोअर) युरिया ३४ ला गुण द्यायचा की नाही?

लाँगकेस_थर्डपार्टटू
सरावासाठी आलेली केस शीट: वय ६८, चार दिवस ताप, पिवळट बेडका, खोकताना उजवीकडे टोचतं. श्वास मिनिटाला २८, बीपी ११०/५८, पूर्ण शुद्धीत, ब्लड युरिया ३४ मि.ग्रॅ., ऑक्सिजन ८९ टक्के. उजवीकडे खाली पर्कशन डल (बोटाने ठोकल्यावर बोजड आवाज), ब्राँकियल ब्रीदिंग (श्वासाचा कर्कश आवाज), व्होकल फ्रेमिटस (बोलताना छातीवर हाताला जाणवणारं कंपन) वाढलेला. युरिया २० च्या वर आहे म्हणून स्कोअर ३ काढला. बॅचमध्ये कुणी २ म्हणतंय, कुणी १. शिवाय बेडक्याच्या कल्चरवर ‘नॉर्मल ओरल फ्लोरा’ (तोंडातले नेहमीचे जंतू) लिहिलंय. म्हणजे जंतुसंसर्ग नाहीच का?

पर्कशनवाले
स्कोअर २: एक वयाचा (६५ किंवा जास्त), एक बीपीचा.

ते २० म्हणजे बीयूएन (ब्लड युरिया नायट्रोजन), युरिया नव्हे. मूळ मर्यादा ७ मिलिमोल प्रति लिटरच्या वर. युरियाचा रेणुभार ६०, म्हणून ४२ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर. त्यातला नुसता नायट्रोजन मोजला की तेच साधारण २० होतात. आपल्याकडच्या बहुतेक लॅब ‘ब्लड युरिया’ देतात आणि पुस्तकातला आकडा असतो बीयूएनचा. ३४ ला शून्य. रिपोर्टवर आधी नाव वाचा, मग आकडा.

ज्यानं १ काढला त्यानं फक्त वरचं बीपी पाहिलं. सिस्टोलिक (वरचं) ९० च्या खाली *किंवा* डायस्टोलिक (खालचं) ६० किंवा कमी, यातलं एक असलं तरी गुण मिळतो. इथे ५८ आहे. श्वास ३० पासून धरतात, म्हणून २८ ला काही नाही.

आता खरी मेख: या स्कोअरमध्ये ऑक्सिजन मोजलेलाच नाही. २५ वर्षांचा पेशंट शून्य स्कोअर घेऊन ८५ टक्क्यांवर धापा टाकत असेल तर त्याला घरी पाठवणार का? हा पेशंट ८९ वर आहे, दाखल करायचाच. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ‘स्कोअर २, पण हायपॉक्सिया (ऑक्सिजन कमी) आहे म्हणून दाखल’ असं कारणासकट म्हणा.

मायक्रोवाली
ओरल फ्लोरा म्हणजे बहुधा डबीत थुंकी आली. आधी ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) मागा. लो पॉवर फील्डमध्ये स्क्वॅमस पेशी (तोंडाच्या अस्तरातल्या) १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ पेक्षा जास्त हव्यात. नसतील तर त्या नमुन्याच्या कल्चरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

नमुना घेताना कवळी काढा, साध्या पाण्याने चूळ भरायला लावा, खोल श्वास घेऊन खोकायला सांगा. रुंद तोंडाची निर्जंतुक डबी, दोन तासांत लॅबमध्ये. दुपारपर्यंत नर्सिंग स्टेशनवर पडून राहिली की न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू) स्वतःच्याच एन्झाइमनं विरघळतो आणि तोंडातले जंतू फोफावतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस आधी गेला असेल तरी तेच. मात्र बेडका निघत नाही म्हणून डोस अडवून ठेवू नका.

स्टेनमध्ये रंग धुणारा अॅसिटोन जास्त वेळ राहिला तर न्यूमोकोकस जांभळ्याऐवजी गुलाबी दिसतो आणि भलतंच निदान होतं. कल्चरवर तो तोंडातल्या व्हिरिडन्स जंतूंसारखाच हिरवट, तिथे ऑप्टोचिन डिस्क (औषध लावलेली चकती) लावा: ६ मि.मी. डिस्कभोवती १४ मि.मी. किंवा जास्त झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) आला की न्यूमोकोकस.

सदाशिव_सल्ला
माझ्याकडून दोन गोष्टींची भर.

लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ‘एका गोळीत काम’ म्हणून लिहू नका. ते टीबीच्या जंतूंवरही चालतं. ताप चार दिवस उतरतो, निदान महिनाभर लांबतं. या पेशंटला सेफ्ट्रिअॅक्सोन शिरेतून दिवसातून एकदा, सोबत अॅझिथ्रोमायसिन ५०० मि.ग्रॅ. खोकला दोन आठवड्यांहून जुना किंवा वजन घटलेलं असेल तर नॅटही (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) पाठवा.

आणि केस पावसाळ्यातली असेल तर फ्लू विसरू नका. २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, त्यामुळे इथे हा प्रश्न आला तर नवल नाही. फ्लूवरचं औषध ऑसेल्टामिव्हिर ७५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ५ दिवस. ४८ तासांच्या आत उत्तम, पण दाखल पेशंटला उशीर झाला तरी देतात.

लाँगकेस_थर्डपार्टटू
युरियाचं आता डोक्यात बसलं. याच केसमध्ये फ्रेमिटस कमी असता तर?

पर्कशनवाले
तर फुप्फुसाभोवती पाणी. पर्कशन स्टोनी डल (दगडावर ठोकल्यासारखं), श्वासाचे आवाज कमी. सोनोग्राफी करून टॅप करा (सुईने पाणी काढा). पू निघाला किंवा पीएच ७.२ च्या खाली आला तर ड्रेन (पाणी काढणारी नळी). पीएचचा नमुना हेपरिन लावलेल्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता पाठवा. हवा राहिली तर पीएच खोटा वाढतो आणि ज्याला ड्रेन हवा तो तसाच राहतो.