कूलरचा आवाज, दोन फोन आणि ८ जीबीचा लॅपटॉप: एडिटिंग कशात करू?

मालवा मिलची ताई:

नमस्कार मंडळी. मी इंदूरला शाळेत शिकवते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दाखवायला अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर, म्हणजे इथल्या गिरण्यांच्या मिरवणुकीतल्या चित्ररथांवर, वीसेक मिनिटांची फिल्म करतेय. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्या गिरण्यांचे भोंगेही थांबले, पण झांक्या अजून निघतात, रात्रभर चालतात. त्या उभ्या करणारी माणसं मात्र आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

शेजारच्या आजोबांची (वय ८२) मुलाखत मे महिन्यात घेतली. दीड तास बोलले. त्या उन्हात त्यांना कूलर बंद करा म्हणणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सगळीकडे कूलरची घरघर आहे. चित्र एका फोनवर घेतलं, दुसरा फोन आवाजासाठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. सुरुवातीला दोन्ही बरोबर जुळतात, पण अर्ध्या तासानंतर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका दुकानात दर महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर सांगितलं, दुसऱ्यात ‘क्रॅक टाकून देतो’ म्हणाले. क्रॅक मला नको. माझ्यासोबत नववीची चार मुलं काम करताहेत, त्यांच्यासमोर चोरीचं वापरायचं नाही. सगळं मिळून तीन हजार रुपये आहेत. आणि हो, आजोबांची मराठी मालवी-हिंदीत मुरलेली आहे, म्हणून खाली मराठी ओळी द्यायच्या आहेत. काय वापरू?

स्पूलवाले काका:

ताई, तीन हजार तसेच राहू द्या. सॉफ्टवेअरवर एक रुपया लागणार नाही.

मी आकाशवाणीत बरीच वर्षं कार्यक्रमांचं संपादन केलं. तेव्हा पाव इंची टेप असायची. पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप घ्यायचा, चिकटपट्टीने जोडायचं. चुकलं तर कापलेला तुकडा गळ्यात अडकवून बसायचो, पुन्हा जोडायला. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: मूळ फाइल दोन ठिकाणी उतरवून ठेवा आणि तिला हात लावू नका. ८२ वर्षांच्या माणसाची मुलाखत परत मिळत नाही.

आधी आवाज घ्या, चित्र नंतर. लोक अंधुक चित्र सहन करतात, न कळणारा शब्द नाही.

आवाजासाठी ऑडॅसिटी. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. फोनची एमफोरए फाइल उघडली नाही तर सोबत एफएफएमपेग नावाचं जोड-सॉफ्टवेअर बसवावं लागतं, तेही फुकट. आता कूलर. आजोबा आठवत-आठवत थांबले असतील अशी दोन-तीन सेकंद शोधा, जिथे फक्त घरघर आहे. तेवढाच भाग निवडा, नॉइज रिडक्शनमध्ये जा आणि नॉइज प्रोफाइल घ्या. म्हणजे यंत्राला सांगितलं की नको असलेला आवाज हा. मग पूर्ण ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि लावा.

इथे सगळे घाई करतात. आकडा २४ डेसिबलवर नेतात, कूलर जातो आणि माणूस हौदात बसून बोलल्यासारखा वाटतो. तुम्ही ८ वर ठेवा. कूलर संपवायचा नाही, मागे ढकलायचा. मे महिन्यातलं इंदूर आहे, थोडी घरघर असली तर ऐकणाऱ्याला घर कळतं. त्याआधी हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर लावा, खालची गुरगुर तिथेच कमी होते. आजोबांचा आवाज फार खर्जातला असेल तर ७० करा.

एकसारखा आवाज असा काढता येतो. मध्येच वाजलेला हॉर्न, कुकरची शिट्टी निघत नाही. तिथे वाक्य कापा किंवा राहू द्या.

ओठ-शब्दांचं कारण असं की फोन व्हिडिओ घेताना सेकंदाला ठरलेल्या फ्रेम घेत नाही, कमी-जास्त करतो. शिवाय दोन फोनांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून व्हिडिओ बदलून घ्या. एवढं करूनही दीड तासात थोडा फरक राहीलच. पण तुम्हाला दीड तास जुळवायचाच कुठे आहे? फिल्ममध्ये आजोबांचे तीस-चाळीस सेकंदांचे तुकडेच येणार. प्रत्येक तुकडा आपापला जुळवा, तेवढ्यात फरक दिसत नाही. पुढच्या वेळी सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवून घ्या.

छावणीचा फोटोवाला:

काकांचं आवाजाचं सगळं मान्य. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, त्यामुळे चित्राचं मी सांगतो.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती जोरदार आहे. वॉटरमार्क नाही, ३८४० बाय २१६० पर्यंत फिल्म काढता येते. पण ताई, ८ जीबीवर ती तुम्हाला रडवेल. १६ जीबी आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तरच तिच्या नादी लागा. तुमच्यासाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, दोन्ही फुकट. मी केडेनलाइव्ह म्हणेन, कारण त्यात एका ट्रॅकचा आवाज दुसऱ्याशी आपोआप जुळवायची सोय आहे. व्हिडिओवाल्या फोनचा आवाज संदर्भ म्हणून द्या, खिशातल्या फोनचा त्याला जुळतो.

प्रॉक्सी चालू करायला विसरू नका. ते मोठ्या फाइलीची हलकी नक्कल करतं, काम नकलेवर होतं, शेवटी फिल्म मूळ फाइलीतूनच बनते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी असंच तीन वर्षं पोट भरलं.

पैसे तारेच्या कॉलर माइकला घाला, हजाराच्या आत येतो. उरलेल्यात मोठा पेन ड्राइव्ह. क्रॅक नाही म्हणालात ते फार बरं केलंत. माझ्या मित्राच्या मशीनमध्ये त्यातूनच व्हायरस शिरला आणि दोन लग्नं गेली. त्या घरांना काय तोंड दाखवायचं?

बडोद्याचा भाचा:

फक्त ओळींबद्दल. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आणि परवान्यानेही मोकळे. ओळी सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली) यूटीएफ-८ मध्ये साठवा, म्हणजे देवनागरी अक्षरं बिघडत नाहीत. सुरुवातीला ‘झांक्या’ आणि ‘दुसऱ्या’ हे दोन शब्द लिहून मोठ्या पडद्यावर बघा. ते नीट उमटले तर बाकीची जोडाक्षरंही नीट येतील. आणि कृपा करून आजोबांची भाषा ओळींमध्ये पुणेरी करू नका. आमच्याकडे आजीची गुजराती वळणाची मराठी अशीच ‘सुधारून’ लिहिली होती, वाचताना ती आजी वाटतच नव्हती.

मालवा मिलची ताई:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आठ दिवस लागले, सांगते.

काका, मी आधी तुमचं न ऐकता २० डेसिबल लावलं. कूलर साफ गेला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एक जागा आली. झांकीतल्या हनुमानाचा हात वर-खाली कसा व्हायचा ते आजोबा सांगतात: सायकलची चेन, जुनी मोटर, आणि प्रत्येक फेरीला हात अडकायचा तिथे जिभेने हळूच ‘कट्... कट्...’ करून दाखवतात. चित्रात तोंड हलतंय आणि आवाज नाही! यंत्राने तो कूलरसोबत पुसून टाकला होता. मूळ फाइलवर ८ लावून पाहिलं, ‘कट्’ परत आलं. मागे घरघर आहे, असू दे.

जुळवणी केडेनलाइव्हने केली, दोन तुकडे सोडून सगळे पहिल्या झटक्यात बसले. ओळींमध्ये ‘आपण रात्रभर जागत होतो, भिया’ तसंच ठेवलंय.

आता एक अडचण. जेल रोडची मिरवणूक मागच्या वर्षी फोनवर घेतली होती, ढोल-ताशांचा आवाज फाटलाय. तो दुरुस्त होईल का?

स्पूलवाले काका:

आवाज फाटला म्हणजे लाटेचं डोकंच कापलं गेलं, ताई. ऑडॅसिटीत क्लिप फिक्स आहे, थोडं फाटलं असेल तर भागतं. ढोल इतका फाटल्यावर आशा धरू नका. ते चित्र घ्या, आवाज बंद करा, आणि त्यावर आजोबांचं ‘कट्... कट्...’ चालू द्या. यंदा मिरवणुकीत फोन घेऊन ढोलांपासून वीस पावलं लांब उभ्या राहा.