प्रतिसाद: जुनी नाटकं घरी बघताना

वर कुणीतरी म्हटलंय की जुन्या चित्रफितींचं चित्र इतकं धूसर असतं की नाटकाचा रसच जातो. धूसर असतं, मान्य. पण मला वाटतं, खरी अडचण आवाजाची आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या माइकवर पावलांची धपधप येते आणि मागचं पात्र पुटपुटल्यासारखं वाटतं. आमच्या आईला ऐकू कमी येतं. टीव्हीला साधा स्पीकर जोडून तिच्या खुर्चीजवळ ठेवला, तेव्हापासून ती अख्खं नाटक न कंटाळता बघते.

आणखी एक सुचवते. नाटकाची चित्रफीत आणि दूरदर्शनचा जुना स्टुडिओतला कार्यक्रम एकापाठोपाठ बघा, शक्यतो एकाच नटाचा. दिलीप प्रभावळकरांची दूरदर्शनवरची 'चिमणराव' मालिका आधी, मग त्यांचं 'हसवा फसवी' हे नाटक. कृष्णधवल चिमणरावात कॅमेरा जवळ असल्याने नुसत्या पापण्यांच्या उघडझापीत भाबडेपणा कळतो. शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ तर किती सहज! 'हसवा फसवी'त मात्र एकट्याने सहा भूमिका शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या, त्यामुळे चाल, पाठीचा बाक, आवाज सगळंच बदलतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 साली. तेव्हा टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं चित्रित व्हायचं. कितीतरी काम असंच गेलं. उरलेल्या धूसर चित्राला म्हणूनच नावं ठेववत नाहीत मला.